मागे मागे जातोय कोण

गडगड हसला आणि तालीम पुन्हा मोडली.

खरं म्हणजे चूक त्याची नव्हती. जिराफनं, म्हणजे त्याच्या उंच मावसबहिणीनं, उलटं चालता चालता डोळे तिरळे केले होते आणि जीभ नाकाच्या शेंड्याला टेकवली होती. एवढं बघून न हसणं गडगडला जन्मात जमलं नसतं. त्याचं नावच मुळी हसण्यावरून पडलेलं. तो हसायला लागला की रिकामं पिंप जिन्यावरून घरंगळत खाली चाललंय असं वाटायचं. ते पिंप घरंगळलं, मग अख्खी रांग खो खो हसायला लागली, आणि जिराफ मागच्या मागे एका खुर्चीला अडखळून धपकन खाली बसली.

नृत्यशिक्षिकेनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. उद्या उद्घाटन होतं आणि मुलं अजून माकडचेष्टा करत होती. तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्या उलटं चालायचं नाही. सगळ्यांनी पुढे चालायचं, तोंडं वेडीवाकडी करायची नाहीत आणि चेहऱ्यावर मंद हसू ठेवायचं.

"पण बाई, तोंडं केली नाहीत तर मग खेळ काय उरला?" पिननं विचारलं.

"हा खेळ नाही, कार्यक्रम आहे," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायला निघून गेल्या.

पिन ही त्या टोळीतली सगळ्यात लहान. शिंप्याची मुलगी, दहा वर्षांची, अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार. तेरा वर्षांची उंच जिराफ आणि तिचा धाकटा भाऊ मास्तर हे दोघं दर सुट्टीला मावशीकडे यायचे. मास्तर वर्गात विद्यार्थीच होता, पण वर्गाबाहेर जो भेटेल त्याला शिकवायचा. गडगड हा मावशीचा मुलगा. त्यांच्या घराखालीच पिनच्या बाबांचं दुकान होतं, त्यामुळे सुट्टी लागली की चौघं सकाळपासून एकत्र असायचे.

मावशी शेतीच्या अवजारांच्या एका छोट्या संग्रहालयात काम करायची. पूर्वीचं धान्याचं गोदाम होतं ते. नांगर, मोटा, विळे, चाळण्या, वजनं, सगळं पुसून जागच्या जागी ठेवणं हे तिचं काम. तिथं आता एक नवं दालन झालं होतं, आणि त्याच्या उद्घाटनाला गावातल्या मुलांनी त्यांचा जुना खेळ करून दाखवायचा असं ठरलं होतं.

हा खेळ त्या गावात सगळ्यांना यायचा. एकजण म्होरक्या. तो दोन्ही मुठी खाली धरून, मनगटं फिरवत उलटा चालायचा. त्याच्यासमोर मुलांच्या दोन रांगा. ती त्याच्याकडे तोंड करून पुढे सरकायची आणि पावलागणिक खाली वाकून चिमूट सोडल्यासारखं करायची. म्होरक्या तोंडं करून हसवायचा. जो हसला तो बाद. आणि सगळ्यांनी मिळून गायचं:

मागे मागे जातोय कोण,
घरं करतोय दोन दोन.
एका घरात तिघं जण,
वर मातीचं पांघरूण.
हसला त्याचं घर रिकामं,
चला पुढे, पडलीत कामं.

शेवटी सगळे उकिडवे बसायचे आणि हात वर करत हळूहळू उभे राहायचे, म्हणजे पीक आलं. त्यामुळे खेळ शेतीचा आहे हे शेंबडं पोरही सांगायचं. पण शेतकरी उलटा का चालतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे संचालकांना ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

संचालक मनानं चांगला माणूस. फक्त एका कामात असताना त्यांना दुसरं सुचायचं आणि पहिलं तिथेच राहायचं. त्यांचा चष्मा रोज कोणीतरी शोधून द्यायचं. नव्या दालनाच्या भिंतीवर या खेळाचा इतिहास लिहायचं त्यांनी ठरवलं होतं आणि पेंटर शिडी लावून कामालाही लागला होता. मुलं पाणी प्यायला आली तेव्हा मास्तरनं भिंतीवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. फार पूर्वी शत्रू गावावर चालून आला तेव्हा शेतकऱ्यांनी दोन्ही हातांत दंड घेऊन लढत लढत माघार घेतली. घरं रिकामी झाली. तिघे वीर मातीआड गेले. मग 'चला पुढे' अशी हाक आली आणि सगळ्यांनी उलट हल्ला केला. पीक येण्याचा भाग मागाहून कोणीतरी जोडला असावा.

"छान आहे," गडगड म्हणाला. "लढाई पण आहे."

मास्तरनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "एक मिनिट. शत्रू समोरून येतोय. म्होरक्या उलटा मागे जातोय. आणि मुलं कुठे आहेत?"

"म्होरक्याच्या समोर," जिराफ म्हणाली.

"म्हणजे शत्रूच्या आणि म्होरक्याच्या मध्ये. मुलांना पुढे करून हा मागे पळतोय. कसला वीर म्हणायचा हा?"

शिडीवरचा पेंटर फिसकन हसला. आपल्याला लिहायला सांगतात ते आपण लिहितो, असं म्हणून त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

एवढ्यात आतल्या खोलीतून मावशीचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण चौघंही धावली. मावशी एका भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर दोन खिळे होते आणि खाली एक पाटी: 'शिपायांचे दंड. लोखंड आणि लाकूड. काळ अज्ञात.' दंड नव्हते.

मावशी दोन दिवस रजेवर होती, आणि तीही या मुलांसाठीच. त्यांना पोहायला न्यायचं तिनं कबूल केलं होतं. त्या दोन दिवसांत केव्हातरी ते नाहीसे झाले होते. तिनं संचालकांना बोलावलं. त्यांनी खिळ्यांकडे पाहिलं, खिसे चाचपले, आणि असतील कुठेतरी, असं म्हणाले. पण उद्या पाहुणे येणार, भिंतीवर त्या दंडांचा उल्लेख, आणि दंडच नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा लांबला. वस्तूंची जबाबदारी मावशीची असल्यामुळे, उद्यापर्यंत मिळाले नाहीत तर समितीला कळवावं लागेल, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

मावशी एक स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागली. तिला तसं पाहून गडगडचंही हसू कुठल्या कुठे गेलं.

"आपल्यामुळे झालं हे," जिराफ दबक्या आवाजात म्हणाली. "शोधायलाच हवेत."

शोध त्या भिंतीपासूनच सुरू झाला. खोलीला नवा रंग दिलेला होता, पण रंगाऱ्यानं दंड खाली उतरवायचे कष्ट घेतले नव्हते. तो त्यांच्या कडेकडेनं ब्रश फिरवून मोकळा झाला होता. त्यामुळे नव्या पिवळ्या रंगात जुन्या पांढऱ्या रंगाच्या दोन आकृत्या अगदी स्पष्ट उरल्या होत्या. वर एक आडवी मूठ, तिच्यातून खाली गेलेली सरळ दांडी, कमरेइतकी लांब, आणि तळाशी अंड्यासारखा फुगवटा, शेवटी निमुळता होत गेलेला.

मास्तरनं बोटानं आकृती गिरवली. मारायच्या दंडाचं जड टोक वर असतं, मग हे खाली का, असं तो स्वतःशीच पुटपुटला. आणि मुठीला सायकलच्या हँडलसारखी आडवी दांडी कशासाठी?

पिन मान वाकडी करून बघत होती. मग तिनं मान आणखी वाकडी केली, इतकी की ती जवळजवळ उलटी झाली.

"हे मी पाहिलंय," ती म्हणाली. "पण उलटं. आणि सोनेरी."

आदल्या दिवशी ती बाबांबरोबर नाट्यगृहात गेली होती. गावात आलेल्या नाटक कंपनीच्या राजाचा झगा तिच्या बाबांनी शिवला होता, तो पोचवायला. तिथं सिंहासनाच्या दोन बाजूंना दोन पहारेकरी सोनेरी गदा घेऊन उभे होते. गदांच्या खालच्या टोकाला आडवी दांडी होती. तेव्हाच तिला ते विचित्र वाटलं होतं. गदेला कोणी हँडल लावतं का?

नाट्यगृह दोन गल्ल्यांपलीकडे होतं. चौघं मागच्या दारानं आत शिरली. तिथे पत्र्याच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. कंपनीचा मुक्काम संपत आला होता आणि सामान बांधायचं काम चाललं होतं. दाढ्यामिशा एका दोरीवर वाळत घातल्या होत्या. आणि पेट्यांना टेकून, उलट्या उभ्या, सोनेरी रंगानं चमकत, त्या दोन वस्तू होत्या.

नाटकाचं सामान सांभाळणारे काका भले गृहस्थ होते. त्यांनी काही लपवलं नाही. परवा संचालक नाटकाचे फुकट पास घ्यायला आले होते. बोलता बोलता काकांनी पहारेकऱ्यांसाठी काही मिळेल का म्हणून विचारलं, तर आमच्याकडे दोन लोखंडी दांडके पडून आहेत, घेऊन जा, असं संचालकच म्हणाले.

"स्वतः? आणि विसरले?" गडगड म्हणाला. त्याचं पिंप आता घरंगळणारच होतं, पण जिराफनं त्याचा हात दाबला.

काकांनी हात वर केले. त्यांच्या हातात काही नव्हतं. उद्या दुपारी ट्रक निघणार, आणि सामानातली सुईसुद्धा मालकांना विचारल्याशिवाय बाहेर जात नाही.

"कोण आलंय रे?" आतून असा आवाज आला की दोरीवरच्या दाढ्या हलल्या असं वाटलं.

कंपनीचे मालकच राजाचं काम करायचे. सगळे त्यांना महाराज म्हणायचे. वय ऐंशीच्या घरात, पण चाल अजून सिंहासनाकडे जाणाऱ्याची. ते रंग अर्धवट टाकून बाहेर आले होते. एक भुवई काळीभोर कोरलेली आणि दुसरी पांढरी, त्यामुळे ते अर्ध्या चेहऱ्यानं रागावलेले आणि अर्ध्या चेहऱ्यानं दमलेले दिसत होते. मुलांचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की दिलेली वस्तू अशी परत मागत नाहीत, आणि संचालकांना हवी असेल तर त्यांनी स्वतः यावं. उद्याचा प्रयोग पुढच्या गावी आहे आणि राजा पहारेकऱ्यांशिवाय बसत नसतो.

जिराफनं वाद घातला नाही. तिनं फक्त विचारलं की एकदा हातात धरून बघू का. महाराजांनी मानेनंच हो म्हटलं.

तिनं एकेका हातात एकेक घेतली, जड टोक खाली करून. आडव्या मुठी तळहातात बसल्या आणि तिचे हात आपोआप कमरेशी आले. जिराफ जागच्या जागी थांबली. असे हात ती लहानपणापासून धरत आली होती. फक्त हातात काही नसायचं.

"मास्तर," ती म्हणाली, "हे बघ."

मागच्या अंगणात कपडे धुतलेलं पाणी जाऊन माती मऊ झाली होती. जिराफनं तिथे जाऊन दोन्ही टोकं जमिनीत रोवली, खेळात फिरवतात तशी मनगटं फिरवली आणि वर उचलली. मातीत दोन खळगे उमटले होते. गोल, स्वच्छ, अंगठाभर खोल. मनगटं फिरवल्यामुळे ओली माती टोकाला चिकटली नव्हती.

"घरं," पिन म्हणाली. "दोन दोन."

गडगड जवळून बघायला म्हणून पुढे झाला आणि त्याचा पाय नेमका एका खळग्यावर पडला. खळगा मिटला. तो ओशाळला आणि मागे सरला. पण मास्तर त्या पायाच्या ठशाकडे एकटक बघत राहिला होता.

"परत कर," तो जिराफला म्हणाला. "आणि आता पुढे चाल."

जिराफ पुढे चालली. तिनं दोन खळगे केले आणि पुढचं पाऊल टाकताना तेच तुडवले. मग ती वळली आणि उलटी चालायला लागली. टोच, फिरव, उचल, एक पाऊल मागे. टोच, फिरव, उचल. तिच्या पायांपुढे दोन सरळ ओळी तयार होत गेल्या.

"टोकणी," मास्तर म्हणाला. पुस्तकात वाचलेला शब्द डोळ्यांसमोर घडताना बघून त्याचा आवाज चढला होता. "खळगा करून त्यात बी टाकतात ती टोकणी. पुढे चाललं तर आपलीच घरं मोडतात, म्हणून मागे जायचं. आणि समोरची मुलं बी टाकणारी. एका घरात तीन दाणे, वर माती."

"तिघं जण, वर मातीचं पांघरूण," पिन म्हणाली. "आणि लढाईत मेलेले वीर म्हणे."

मग कोणी सांगितलं नाही, पण चौघांनी खेळ सुरू केला. जिराफ पुढ्यात, एका ओळीत पिन, दुसऱ्या ओळीत गडगड आणि मास्तर. वाळूचे बारीक खडे दाणे म्हणून घेतले आणि गाणं म्हणत ती खळग्यांत टाकत गेली. आज पहिल्यांदाच वाकण्याला काही अर्थ होता.

गाणं संपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की महाराज एका पेटीवर बसले आहेत. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आता नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा नव्हता. पिननं सांगितलं की हा खेळ आहे, सगळ्यांनाच येतो.

"खेळ," ते म्हणाले. थोडा वेळ ते त्या ओळींकडे बघत राहिले. मग त्यांनी काकांना रॉकेल आणि चिंधी आणायला सांगितलं, सोनेरी रंग काढून मुलांना ती जोडी देऊन टाका, पहारेकऱ्यांना काठ्या चालतील, असं म्हणाले. आत जाताना फक्त उद्घाटन किती वाजता आहे ते विचारलं.

मुलांनी जोडी आणून खिळ्यांवर अडकवली तेव्हा मावशी खुर्चीवर बसून राहिली आणि मग एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत गेली. संचालकांनाही खरोखर वाईट वाटलं. मीच की दिली होती, असं ते तीनदा म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मावशीची क्षमा मागितली. पण भिंतीवरचा मजकूर बदलायचा विषय निघाला तसे ते चष्मा शोधायला लागले. आता वेळ कुठे होता? आमंत्रणं गेली होती, मजकूर सुंदर झाला होता, आणि मुलांनी एक अवजार जमिनीत रोवून पाहिलं म्हणून इतिहास थोडाच बदलतो! नृत्यशिक्षिकाही पुढे चालण्यावर ठाम होती.

"सांगून पटत नाही," बाहेर आल्यावर मास्तर हताश होऊन म्हणाला.

"मग सांगायचंच नाही," जिराफ म्हणाली. "त्यांनाच करू दे."

त्या संध्याकाळी ती संग्रहालयाच्या माळ्याला भेटली. अंगणात फुलझाडांसाठी एक लांब वाफा खणून ठेवलेला होता. त्यात झेंडूचं बी टाकायचंच होतं. कोणी ते आयतं टाकून देणार असेल तर आपली काही हरकत नाही, असं माळी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. प्रमुख पाहुण्या शेती महाविद्यालयातल्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. फीत कापून झाली, भाषणं झाली, संचालकांनी आपला मजकूर वाचून दाखवला आणि टाळ्या पडल्या. मग मुलांचा कार्यक्रम. नृत्यशिक्षिकेनं खूण केली, पण जिराफ रांग सोडून ध्वनिक्षेपकासमोर गेली. अतिशय नम्रपणे ती म्हणाली की या खेळाचा इतिहास सरांनी शोधून काढला, तेव्हा पहिला मान सरांचा. सरांनी ही जोडी हातात घेऊन म्होरक्या व्हावं, आणि बाईंनी ठरवल्याप्रमाणे सगळ्यांनी पुढे चालावं.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. संचालक लाजले, पण खूश झाले. त्यांनी चकचकीत बूट घातले होते. मुलांनी त्यांना वाफ्याकडे नेलं, हातात जोडी दिली आणि कसं टोचायचं ते दाखवलं. पिन आणि गडगड पदरात घ्यावं तसं सदऱ्याच्या ओच्यात झेंडूचं बी घेऊन मागे उभे राहिले.

संचालक पुढे निघाले. टोचलं, फिरवलं, उचललं, पाऊल टाकलं. मऊ मातीत बूट रुतला आणि खळगे गायब झाले.

पिन वाकली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "सर, घर सापडत नाही," तिनं खणखणीत आवाजात सांगितलं.

संचालक म्हणाले की असेल तिथेच, आणि पुढे गेले.

"सर, हेही नाही."

लोक हसायला लागले. गडगडनं ओठ इतके घट्ट मिटले होते की त्याचे गाल फुगले होते. आणखी दोन पावलांवर पिननं तेच सांगितल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, अहो, जरा उलटे चाला की. संचालक थांबले. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मागच्या तुडवलेल्या मातीकडे पाहिलं आणि सावकाश वळले. मग ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. त्यांच्या समोर दोन नीटस ओळी उमटल्या. पिन आणि गडगड त्यांत बी टाकत आणि पायानं माती ओढत पुढे सरकले, आणि कोणी न सांगता सगळं अंगण गाणं म्हणायला लागलं.

वाफ्याच्या टोकाला पोचल्यावर संचालक मोकळेपणानं हसले. कपाळाचा घाम पुसून ते ध्वनिक्षेपकाकडे गेले आणि म्हणाले की गेली कित्येक वर्षं ही जोडी मी रोज बघतोय आणि आज पहिल्यांदा ती हातात घेतली. मग त्यांनी मास्तरला बोलावलं आणि मास्तरनं, अर्थातच, सगळ्यांना शिकवलं. घर म्हणजे काय, तिघं जण कोण, पांघरूण कसलं.

प्राध्यापिकाबाई पुढे झाल्या. अशा जोडीचं नुसतं वर्णन त्यांनी ऐकलं होतं, असं त्या म्हणाल्या. पुढे पेरणीची यंत्रं आली आणि हे काम बंद पडलं. कामाची खूण उरली ती या मुलांच्या खेळात, आणि मोठी माणसं तीच पुसायला निघाली होती. हे म्हणताना त्यांनी नृत्यशिक्षिकेकडे पाहिलं नाही, पण नृत्यशिक्षिकेनं खाली पाहिलं.

"फक्त एक सांग," संचालक मास्तरला म्हणाले. "उलटं चालणं कळलं. पण म्होरक्या तोंडं का करतो? शेतात त्याचं काय काम?"

मास्तरनं जिराफकडे पाहिलं. जिराफनं पिनकडे पाहिलं, पिननं गडगडकडे. याचा विचारच कोणी केला नव्हता.

"मी सांगतो," असा आवाज शेवटच्या रांगेतून आला, आणि त्याला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती.

महाराज उठून पुढे आले. आज चेहऱ्याला रंग नव्हता. दोन्ही भुवया पांढऱ्या होत्या. त्यांनी संचालकांच्या हातातली जोडी घेतली आणि मुठींवरून अंगठा फिरवला.

"आमच्याकडे हा खेळ नव्हता," ते म्हणाले. "काम होतं. नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. बाप उलटा चालायचा आणि मी आणि माझी बहीण त्याच्यासमोर, एकेका ओळीत. मी असेन सहा-सात वर्षांचा. दिवसभर वाकायचं. ऊन चढलं की डोळे मिटायला लागायचे, आणि डोळे मिटले की दाणा चुकायचा. रागावून मुलं जागी राहत नाहीत. म्हणून तो तोंडं करायचा. कधी उंट, कधी दात दुखणारा हवालदार, कधी आमची आत्या. आम्ही हसलो की झोप उडायची. पण हसण्याच्या नादात घर रिकामं राहिलं, तर तो थांबून भुवया वर करायचा. म्हणून ते गाण्यात आलं."

पिननं हळूच विचारलं की मग ती मुलं खेळायची नाहीत का.

"खेळायची तर. संध्याकाळी हात मोकळे झाले की हेच गाणं, हीच रांग. फक्त हातात बी नसायचं." त्यांनी जोडी जमिनीवर टेकवली. "दुसऱ्यांचे बाप कामावर जायचे, आणि मुलांना त्यांची पाठ दिसायची. माझा बाप काम करताना दिवसभर माझ्याकडे तोंड करून असायचा. लोक मला विचारतात, अभिनय कोणाकडे शिकलात. त्याच्याकडे. त्या रानात."

मग त्यांनी एकदम उंटाचं तोंड केलं. काय केलं ते कोणाला नीट सांगता आलं नसतं, पण खालचा ओठ लोंबला, मान लांब झाली, आणि ऐंशी वर्षांचा राजा खरोखर उंट दिसायला लागला. आधी प्राध्यापिकाबाई हसल्या, मग मावशी, मग नृत्यशिक्षिका तोंडावर रुमाल धरून. गडगडचं तर काय, तो वाफ्यातच बसला.

पाहुणे पांगल्यावर संचालकांनी पेंटरला भिंत पुसायला सांगितली. नवा मजकूर त्यांनी मुलांना बरोबर घेऊन तिथंच उभ्या उभ्या तयार केला. मास्तरचा मजकूर फार लांब होत होता, तो पिननं छाटला. मग प्राध्यापिकाबाईंनी चौघांशी हात मिळवले आणि मावशीला म्हणाल्या की अशी मुलं असलेल्या घरात एकही वस्तू हरवायची नाही. मावशी म्हणाली की वस्तू हरवत नाहीत हे खरं, पण शांतताही सापडत नाही.

महाराजांचा ट्रक बाहेर हॉर्न वाजवत होता. ते निघाले, तेव्हा संचालक त्यांच्या मागे धावले. जोडीखालची पाटी बदलायची होती, आणि त्यावर जोडी वापरणाऱ्या एकातरी माणसाचं नाव असावं असं त्यांना वाटत होतं. तुमच्या वडिलांचं नाव काय, असं त्यांनी विचारलं.

महाराजांनी नाव सांगितलं. त्यांचं स्वतःचं नाव गावोगावच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगलेलं असायचं. वडिलांचं नाव सांगताना मात्र ते एकेक अक्षर सुटं करून बोलले, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक व्हायला नको.

पेंटरनं शिडी उचलली आणि किती उंचावर काढू, असं विचारलं.

"शिडी नको," महाराज म्हणाले. "खाली काढा. मुलांना समोर दिसेल असं."

पेंटरनं जरा विचार केला. मग त्यानं पिनला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, तिच्या डोळ्यांच्या उंचीला पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, आणि जमिनीवर मांडी घालून नाव लिहायला घेतलं.